ती हलली नाही, म्हणून तिनं होकार दिला?

वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक भटकी कुत्री राहते. तिथलाच एक रहिवासी रात्री तिच्यावर लैंगिक अत्याचार करतो, असा ताईंना आणि शेजारणीला संशय आहे. दोघी चौकीत गेल्या, तर ‘ते कलम नव्या कायद्यात राहिलंच नाही’ असं सांगून त्यांना परत पाठवलं. घरी हे सांगितलं तर दिरानं वाद घातला: ‘गाईला रेतन करता तेव्हा तिला विचारता का? कुत्रीची नसबंदी करताना तिची सही घेता का? मग इथंच संमती कुठून आली?’ ताई विचारतात, आता करायचं काय आणि दिराला सांगायचं काय.

मी सव्वीस वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे. पहिली अठरा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली, नंतरची शहराच्या कडेला स्वतःच्या दवाखान्यात. एवढ्या वर्षांत असे प्रकार मी ओळखले ते दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. आले जास्त असणार. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळं सुरुवातीला कित्येकदा मलम देऊन मोकळा झालो असेन, त्याचं अजून वाईट वाटतं. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांकडून मारहाण झालेल्या पाळीव प्राण्यांच्या ४४८ केसेस गोळा करून २००१ मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यातल्या सुमारे ६ टक्के लैंगिक स्वरूपाच्या होत्या. तो वाचला तेव्हा माझ्या जुन्या केसपेपरांपैकी दोन-तीन डोळ्यांपुढं आले.

आधी दिराचं घेतो. चावट वाटला तरी त्यांचा प्रश्न फालतू नाही. माझ्याकडं शिकायला येणारी पोरंही तो विचारतात, आणि ‘शी, काहीतरीच काय’ एवढं उत्तर त्यांना पुरत नाही.

कृत्रिम रेतन गाईच्या संमतीनं होत नाही, हे सरळ मान्य करू. खोड्यात उभी केलेली गाय काही सही करत नाही. ती खऱ्या माजावर असेल तर बऱ्यापैकी शांत उभी राहते. माज ओसरला असेल आणि मालकानं ‘करून टाका डॉक्टर, परत कोण येणार’ म्हणून घाई केली, तर पाठ वाकवते, लाथ झाडते, शेण टाकते. ती तेव्हा सांगतच असते. चांगला माणूस हात बाहेर काढतो आणि म्हणतो, पुढच्या माजाला या. वाईट माणूस पैसे घेऊन उरकतो. उलटणाऱ्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या गाईला महिनोन् महिने आडदांडपणे रेतन करत राहतात, ते मला पटत नाही, आणि दुग्धव्यवसायावर त्याबद्दल टीका होते ती वावगी नाही. पण एका ठिकाणी गाईचं ऐकलं जात नाही, म्हणून दुसऱ्या ठिकाणी कुत्रीचं ऐकायची गरज नाही, हा कुठला हिशेब? दिरांना विचारा, गोठ्यातली चूक दाखवून ते ती सुधारायला निघालेत, की पार्किंगमधल्या माणसाला सोडवायला?

नसबंदीचं उत्तर सोपं आहे. ज्याला स्वतःचं हित सांगता येत नाही त्याच्यासाठी आपण निर्णय घेतो, तो त्याच्या भल्यासाठी, आणि त्या निर्णयाला कुणीतरी जबाबदार असतं. भूल द्यावी लागते, दुखणं कमी करावं लागतं, टाका उसवला तर मला उत्तर द्यावं लागतं. दीड वर्षाच्या पोराला लस टोचताना ते बोंबलतंच, तरी आई-बाप होकार देतात आणि तो चालतो. पण त्याच पोराच्या लैंगिक वापराला आई-बापांचा होकार चालेल का? तिथं कुणाचीच सही चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलानं स्वतः ‘हो’ म्हटलं तरी पोक्सोमध्ये ते ‘हो’ धरत नाहीत, कारण समोर काय मागितलं जातंय याची समज आणि नाही म्हणायची ताकद, दोन्हींत तफावत असते. कुत्रीच्या बाबतीत ही तफावत आयुष्यभर मिटत नाही. ती खाते माणसाच्याच हातचं, झोपते त्यानं हाकललं नाही तर.

‘पण ती स्वतःच त्याच्याजवळ जाते’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. जाणारच. बिस्किटाच्या पुड्याच्या आवाजावर कुत्रं कुणाच्याही मागं जातं. आणि ‘ती हललीसुद्धा नाही’ हे तर मी एका आरोपीच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकलंय, जणू तोच पुरावा. भ्यालेलं जनावर पळतं किंवा चावतं, हे अर्धंच खरं आहे. दोन्ही वाटा बंद असतील तर ते थिजतं. शेपूट पोटाखाली, कान मागं चिकटलेले, ओठ परत परत चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, अंग लाकडासारखं ताठ: ही सगळी कुत्र्याची ‘नको’ म्हणायची भाषा आहे आणि ती वाचायला डॉक्टर असावं लागत नाही. पिअर्स बर्न या गुन्हेशास्त्रज्ञानं १९९७ मध्ये मांडलं होतं की या गुन्ह्याकडं बलात्काराच्या चौकटीतूनच पाहायला हवं, कारण जनावराला संमती देता येत नाही आणि झालेला अत्याचार नंतर सांगताही येत नाही. मी त्यात गोठ्यातला अनुभव एवढाच घालीन की जनावराचा नकार आपल्याला वाचता येतो, पण असल्या गोष्टीला त्याचा होकार कशाला म्हणायचं हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून ‘त्यानं नकार दिला नाही’ हा बचाव मुळातच लंगडा.

नकार मानता येतो, हे मी रोज बघतो. माझ्याकडं येणाऱ्या एका लॅब्राडॉरला मालकिणीनं शिकवलंय: घडी केलेल्या टॉवेलवर हनुवटी ठेवली की मी कान तपासायचा, हनुवटी उचलली की हात काढायचा. पहिल्या दिवशी त्यानं अकरा वेळा हनुवटी उचलली. अकरा वेळा मी थांबलो. बाहेर तीन पेशंट खोळंबले होते, मनातून चिडलोही होतो. आता तो सबंध तपासणी टॉवेलवर निवांत करून घेतो. मोठ्या प्राणिसंग्रहालयांत वाघ-बिबट्यांना अशाच रीतीनं शेपूट पिंजऱ्याच्या गजांशी आणून रक्त देऊ द्यायला शिकवतात, भुलेच्या इंजेक्शनाशिवाय. उपचारासाठीसुद्धा जिथं इतकं विचारता येतं, तिथं ‘जनावराला काय कळतंय’ हे मी ऐकून घेत नाही.

आता चौकीतलं उत्तर. ते अर्धं बरोबर आहे, म्हणूनच तापदायक. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मध्ये माणसाबरोबर ‘प्राणी’ हा शब्द होता आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत होती. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे संबंध त्यातून वगळले, प्राण्यांवरचा अत्याचार मात्र गुन्हाच ठेवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हे कलम अख्खंच गळालं. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीनं विधेयक तपासताना हा भाग ठेवा असं सुचवलं होतं. ठेवला नाही. ३७७ बद्दल मला प्रेम नाही. त्यात गुन्हा ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ होता, कुत्रीविरुद्ध नव्हता. पण कुत्रीच्या वतीनं पोलिसांना हातात धरता येणारी तेवढीच एक काठी होती.

उरला १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा. त्याच्या कलम ११ खाली प्राण्याला विनाकारण वेदना देण्याला पहिल्या वेळी दंड आहे १० ते ५० रुपये. पन्नास रुपये. वर तो अदखलपात्र. आणि याच कायद्याचं पुढचं कलम १२ बघा. दूध जास्त उतरावं म्हणून दुभत्या जनावराच्या योनिमार्गात हवा किंवा आणखी काही घालण्याच्या जुन्या गवळी-प्रकाराला कायद्यात ‘फुका’ म्हणतात. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, आणि तो दखलपात्र आहे. म्हणजे मादीच्या त्याच अवयवाशी केलेला अत्याचार दुधासाठी असेल तर पोलीस स्वतःहून पकडू शकतात. वासनेसाठी असेल तर पन्नासची नोट. कायदा करणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. दुसरं काही असू शकतं हे लिहायचीच लाज वाटली असावी. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्रानं दुरुस्तीचा मसुदा काढला होता, त्यात हा प्रकार ‘अतिक्रूरता’ म्हणून नाव घेऊन घातला होता. तो मसुदा संसदेत जाऊन कायदा झालेला नाही.

जर्मनीत असंच झालं होतं. १९६९ मध्ये जुनं कलम निघालं, मग २०१३ मध्ये प्राणिसंरक्षण कायद्यातच बंदी आली. तिच्याविरुद्ध दोघं घटनात्मक न्यायालयात गेले, २०१५ मध्ये हरले. तिथली शब्दरचना मला आवडते: प्राण्याला त्याच्या प्रजातीला अनैसर्गिक अशा वर्तनाला भाग पाडणं. माणसाची अब्रू, धर्म, निसर्ग काही नाही, नुसता प्राणी.

तर चौकीत काय म्हणायचं? ३७७ वर भांडत बसू नका, वेळ जातो. लेखी तक्रारीत कलम ३२५ मागा. प्राण्याला मारणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं याला नव्या संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि ते दखलपात्र आहे. त्यासाठी दुखापत कागदावर यावी लागते, म्हणून डॉक्टरांचा दाखला आधी. सोबत १९६० च्या कायद्याचं ११(१)(अ) लिहा, आणि पार्किंग ही सामायिक जागा असल्यानं सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याचं २९६ लागू शकतं का ते विचारा. एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या कलम १७४ मध्ये ते आहे, ठाणे अंमलदाराला नम्रपणे दाखवा. तरी घेतलं नाही तर तीच तक्रार १७३(४) खाली पोस्टानं वरिष्ठांकडं, आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या घटनेला जुनं ३७७ अजून लागतं. आणि १९६० च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो, पुढं तो चालत नाही. सोसायटीची मीटिंग, दिवाळी, मुलांच्या परीक्षा यांत तीन महिने कसे जातात ते मी बघितलंय.

(जनावर वन्य असेल तर रस्ता वेगळा आणि कायदा कडक. २०२२ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, गोठण्याच्या बाजूला, ट्रॅप कॅमेऱ्यात शिकारी दिसले. पकडल्यावर त्यांच्या मोबाइलमध्ये घोरपडीवरच्या अत्याचाराचं चित्रण निघालं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली, म्हणून वनखात्याला हात घालता आला. तिच्या जागी शेळी असती तर?)

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा, आणि ते न चिडता करा: खात्री. गेल्या वर्षी अशाच एका वस्तीतून सात-आठ जण कुत्री घेऊन आले, मागून रक्त गळत होतं, एका पोरावर संशय होता आणि त्याला दोन थपडा बसूनही झाल्या होत्या. तपासलं तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ. कुत्र्या-कुत्र्यांच्या समागमातून पसरणारा तो कॅन्सर, आम्ही त्याला टीव्हीटी म्हणतो, भटक्या कुत्र्यांत फार दिसतो. आठवड्याला एक याप्रमाणं व्हिन्क्रिस्टिनची इंजेक्शनं दिली, गाठ विरघळली. पोराची माफी मागायला त्या सात-आठांतला एकच आला. माजाचं रक्त, गर्भाशयातला पू, बाहेर आलेलं अंग, अळ्या पडलेली जखम, सगळं लांबून सारखंच दिसतं. कुत्रा-कुत्री जुळलेली असताना त्यांना दगड मारणाऱ्यांनी केलेल्या जखमाही मी शिवल्यात.

म्हणून कुत्रीला अंघोळ घालू नका. किळस येईल, दया येईल, तरी नको. गळ्यात प्लास्टिकची कॉलर घाला म्हणजे ती स्वतःला चाटणार नाही, स्वच्छ चादरीवर झोपवून आणा आणि ती चादरसुद्धा टाकू नका. नमुने मी प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता वाळवून कागदी पाकिटात ठेवतो. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि सगळं सडतं. फोटो शेजारी पट्टी ठेवून काढतो. गरज पडली तर एक्सरे. पोलिसांचं पत्र असेल तर पंचांसमोर सील करून नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. पत्र नसेल तरी मी घेऊन ठेवतो, पत्र येईपर्यंत थांबलं तर हाती काही उरत नाही. कुणी डॉक्टर ‘कशाला त्या भानगडीत’ म्हणाला तर दुसरा गाठा. आमच्यात असे आहेत. आणि तपासताना माझ्याजागी बाईनं धरलं तर जनावर शांत राहतं का, तेही मी लिहून ठेवतो. कोर्टात त्याचं वजन नाही, पण मला कळतं.

ते मला एका शेळीनं शिकवलं. तालुक्याला असताना एक म्हातारी संध्याकाळी दवाखाना बंद होता होता आली. शेळी काखेत धरून आणल्यासारखी. म्हणाली, ‘डाक्टर, हिच्यासंगं कुणीतरी वंगाळ वागलंय. बोलू नका कुठं.’ शेळी मागचे पाय फाकवून उभी, रवंथ बंद. मी मागून जवळ गेलो की ती बसून घ्यायची, खुरं ओढून, पोटाखाली. कंपाउंडर गेला तरी तेच. म्हातारी मागं गेली की उभी राहायची. तीनदा करून पाहिलं. औषध केलं, टोचलं, ‘पोलिसात चला’ म्हटलं. म्हातारी गप्प. पुढच्या आठवड्यात चौकशी केली तर पोरानं शेळी बाजारात कापायला विकून टाकली होती. ‘घरात नगं म्हनला.’ ज्याच्यावर संशय होता तो पारावर बसायचा, तसाच बसत राहिला.

आपल्याकडच्या शिलाहार काळापासूनच्या गद्धेगाळांवर, म्हणजे दानाच्या शापशिळांवर, गाढव आणि बाई कोरलेली असते: जो हे दान मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो. ती शिवी त्या माणसाला आहे आणि भोगायची त्याच्या आईनं. दगडातल्या गाढवाला कुणी विचारत नाही, बाईलाही नाही. त्या शेळीच्या घरीही तेच झालं. बट्टा घराला लागला म्हणून शेळी गेली. तुमच्या सोसायटीतही ‘इमारतीची बदनामी’ म्हणत कुत्रीलाच लांब सोडून यायचा ठराव येईल, बघा. तो होऊ देऊ नका. नियमानुसार नसबंदीनंतरही कुत्रं त्याच्याच जागी परत सोडायचं असतं, आणि या प्रकरणात तीच साक्षीदार आहे.

एक गोष्ट जरा दबकत लिहितो. संशयित जर बारा-पंधरा वर्षांचा पोरगा निघाला तर त्याला चोपू नका, व्हिडिओ काढून फिरवू नका. माझ्या अनुभवातल्या दोन पोरांपैकी एकावर आधी कुणीतरी मोठ्यानं अत्याचार केले होते, ते पुढं समुपदेशनात निघालं. दुसऱ्याला मोठ्या पोरांनी मोबाइलवर काहीबाही दाखवून पैजेवर घातलं होतं. १०९८ ला फोन करा, तिथली माणसं पोराशी बोलतात. मोठा माणूस असेल आणि घरात लहान मुलं किंवा दबलेली बायको असेल, तर पोलिसांना तेही सांगा. दुबळ्यावर हात टाकणारा जनावरापाशीच थांबेल असं समजू नये.

व्हिडिओ तुमच्याकडं असेल तर तो फक्त तपास अधिकाऱ्याला द्या, मूळ फोनसकट. ग्रुपवर टाकलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली तुम्हीच अडकाल. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किती दिवसांनी पुसतात ते आजच विचारा, बऱ्याच ठिकाणी ते पंधरा-वीस दिवसांवर ठेवत नाहीत. सेक्रेटरीला लेखी द्या की जपून ठेवा, आणि पोच घ्या.

उद्या दहाच्या आत तिला कुणाकडं तरी न्या. केसपेपरवर ‘मालक’ म्हणून रकाना असेल, तिथं तुमचं नाव घालू नका, ‘आणणारी व्यक्ती’ लिहायला सांगा. नाहीतर ‘मालकिणीनं नीट सांभाळली नाही’ असं उलटं फिरवणारा वकील भेटतोच. जनावराचं नाव विचारतील. काही ठेवलं नसेल तर ठेवा, रंग आणि कानाची खूण सांगा. नुसतं ‘भटकी कुत्री, मादी’ लिहिलेला कागद पुढं फायलीत सापडत नाही.